प्रमाण हाताचा डबा

लग्नाला सत्तावीस वर्षं होईपर्यंत काकूंना एकही डास चावला नव्हता. घरात डास नव्हते असं नाही. भरपूर होते, पण ते सगळे नवऱ्याकडे जात. दिवेलागणीला दोघं खिडकीपाशी बसली, की डास काकूंच्या कानाशी दोन शब्द बोलल्यासारखं करायचे आणि पुढे होऊन नवऱ्याच्या मनगटावर उतरायचे. म्हणून दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी काकूंच्या कोपरावर टपोरी गांधी उठली, तिच्या शेजारी दुसरी उठली, आणि नवरा मात्र स्वच्छ कातडीने वर्तमानपत्र वाचत बसलेला दिसला, तेव्हा काकूंनी त्याच्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेतलं. "अहो, तुम्हाला काहीतरी झालंय," त्या म्हणाल्या. नवऱ्याने ते हसण्यावारी नेलं. पंधरा दिवसांनी रक्त तपासलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ कामातून गेलेली निघाली. लक्षणं कधीपासून दिसली, असं डॉक्टरांनी विचारल्यावर काकूंनी आपलं कोपर पुढे केलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही. डॉक्टर लोक स्वतःला समजेल तेवढंच लिहून घेतात.

दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचं असं झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण काकूंचा नवरा डासांच्या बाबतीत साधासुधा माणूस नव्हता. शहराच्या टोकाला डासांवर संशोधन करणारी एक संस्था होती आणि तिथे तो 'प्रमाण हात' या पदावर होता. हे पद खरोखर होतं. कागदावर, शिक्क्यासकट. अंगाला लावायचं मलम असो, उदबत्ती असो की अंगरख्याचं कापड, ते डासांना किती पळवतं हे ठरवायचं तर न पळवणारा एक हात आधी हवा. तो हात यांचा. एक काचेची नळी असायची, पुढे जाऊन तिला दोन फाटे फुटायचे. एका फाट्याच्या तोंडाशी यांचा उजवा हात, दुसऱ्याच्या तोंडाशी मलम लावलेला दुसऱ्या कुणाचा तरी. मध्ये जाळी. मागच्या टोकाला वीस उपाशी माद्या सोडायच्या आणि कोण कुठल्या फाट्यात शिरतं ते मोजायचं. यांच्या फाट्यात अठरा यायच्या. कधी एकोणीस. विसावी बहुधा आजारी असायची.

संस्थेत त्यांना सगळे 'हातवाले' म्हणत. हातवाल्यांना आपल्या कामाचा केवढा अभिमान! कुणी पाहुणा घरी आला आणि चुकून 'डास' म्हणाला, की झालं. मादी माणसाला कशी शोधते हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. आधी लांबून तिला आपला श्वास लागतो, मग ती त्या श्वासाच्या रेघेवरून वळणं घेत घेत येते, जवळ आल्यावर अंगाचा वास हुंगते, आणि अगदी शेवटी कातडीची ऊब बघते. "एवढं पारखून कोण कुणाकडे येतं सांगा," असं हातवाले म्हणायचे, आणि काकू आतून ओरडायच्या, "मी आले होते, काय उपयोग झाला?"

या हाताच्या पायी काकूंनी काय काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. उजव्या हाताला सुगंधी साबण लावायचा नाही, कांदा-लसूण शिवायचा नाही, भांडी घासायची नाहीत. घराबाहेर पडताना हात सुती पिशवीत घालायचा आणि पिशवीची नाडी मनगटाशी बांधायची. संस्थेच्या लेखी हात ही मालमत्ता होती आणि हातवाले हे तिचे 'धारक'. एकदा हातवाले तापाने फणफणले तेव्हा रजेच्या अर्जावर 'हात कामास उपलब्ध नाही' एवढंच लिहावं लागलं. काकूंनी जन्मात त्या उजव्या हाताने चिरलेली भाजी पाहिली नाही. फार राग आला की त्या म्हणायच्या, "तुमचं लग्न माझ्याशी डाव्या हाताने झालंय."

आजार कळल्यावर आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून रक्तवाहिन्या जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात, ती डाव्या हातावरच करा म्हणून हातवाल्यांनी संस्थेचं पत्र नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आम्ही तसंही डावाच घेतो. मग प्रश्न आला रक्तदाबाचा. डाव्या हाताला पट्टा बांधायचा नाही कारण त्यात सुया, आणि उजव्याला बांधायचा नाही कारण तो प्रमाण. शेवटी सिस्टर कंटाळून पायाला पट्टा बांधायला लागल्या. तेव्हापासून केंद्रात यांच्या फाइलवर कुणीतरी पेन्सिलीने 'पायवाले' असं लिहून ठेवलं होतं.

हे सगळं हसत-खेळत निभावून गेलं असतं. पण हातवाल्यांचं जेवण गेलं. सगळं पत्र्यासारखं लागतं म्हणायचे. भात पत्रा, पाव पत्रा, भोपळा गोड पत्रा. आणि डायलिसिसवरच्या माणसाला तर जास्तच प्रथिनं लागतात, कारण दर खेपेला थोडी त्या यंत्रातून वाहून जातात. केंद्रातली आहारतज्ज्ञ, जिला सगळे 'आहारवाली' म्हणत, ती काकूंच्या लेकीच्या वयाची, चणीने एवढीशी, पण तिच्या धाकाने मोठमोठे मिशीवाले रोगी पिशवीतली केळी खिडकीतून बाहेर टाकत. तिने तक्ता करून दिला. केळं नाही, नारळपाणी नाही. बटाटा खायचाच तर सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून देऊन. दिवसभरात पाणी मोजून. जेवणाबरोबर फॉस्फरस अडवणारी गोळी, जेवणाबरोबर म्हणजे जेवणाबरोबरच, तासाभराने नाही. आणि रोज चार अंड्यांचा पांढरा भाग. "काकू, बाकी काही चुकलं तर मी रागवेन," ती म्हणाली. "अंडी चुकली तर मात्र मी रडेन."

तिने असं म्हणायला कारण होतं. काकूंची एक किडनी हातवाल्यांना जुळत होती. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, सह्या झाल्या होत्या, काकूंनी तर हॉस्पिटलची बॅगसुद्धा भरून कपाटाखाली सारली होती. अडलं होतं एकाच आकड्यावर. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन साडेतीनच्या वर गेल्याशिवाय डॉक्टर कापायला तयार नव्हते. अंगात काही नसलेल्या माणसाची जखम भरत नाही, म्हणाले. हातवाल्यांचं अल्ब्युमिन होतं तीन पूर्णांक दोन. नीट जेवले तर दोन-तीन महिन्यांत सहज जमेल, आणि नाही जेवले तर ऑपरेशनचं सोडाच, माणूस असाच झिजत जाईल आणि एक दिवस साध्या सर्दीने हातचा जाईल. हे डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं. काकू घरी आल्या, तोंडावर पाणी मारलं आणि अंडी उकडायला ठेवली.

हातवाले म्हणाले, घरी नको, सकाळी गिळवत नाही, डब्यात दे. ऑफिसात चार लोकांत भूक लागते. काकूंना बरंच वाटलं. रोज चार अंडी उकडायची, सोलायची, पिवळं काढून आपण खायचं, पांढरं डब्यात भरायचं. संध्याकाळी डबा परत यायचा तो लखलखीत. कणसुद्धा नाही. काकू शेजारणीला डबा उघडून दाखवायच्या. महिन्याने रक्त तपासलं, तीन. पुढच्या महिन्याला दोन पूर्णांक नऊ. तिसऱ्या महिन्याला दोन पूर्णांक सात.

आहारवाली खरोखर रडली. काकूंचं मात्र डोकं फिरलं. चार अंडी रोज पोटात जातात आणि माणूस वाळत चाललाय, याला काय म्हणायचं? त्यांनी अंडीवाला बदलला.

त्याच सुमाराला संस्थेतही आकाश कोसळलं होतं. घरच्या डासांनी पाठ फिरवली तरी इथल्या उपाशी माद्या आजवर इमानाने येत होत्या, पण आता प्रमाण हाताचा आकडा घसरला होता. अठरावरून बारा, बारावरून सात, सातावरून चार. आता हात चारवर आला म्हणजे गेल्या सव्वीस वर्षांतली सगळी मलमं आणि उदबत्त्या कशाशी ताडायच्या? चारवरच्या हाताशी ताडलं तर साधा रुमालसुद्धा डासांवर रामबाण ठरतो. संस्थेच्या संचालकबाई तीन दिवस जेवल्या नाहीत असं ऐकायला आलं. चौथ्या दिवशी त्यांनी डायलिसिस केंद्राला पत्र पाठवलं. 'आमचा प्रमाण हात आपल्याकडे आठवड्यातून तीनदा येत असतो. धारकाच्या आहारात काही बदल झाले असल्यास तपशील कळवावा.' आहारवालीने उलट टपाली कळवलं, 'आमच्याकडे पूर्ण माणूस येतो.'

मग संचालकबाई स्वतःच आल्या. उंच, करड्या केसांच्या, हातात लाकडी पेटी. पेटीत ती दोन फाट्यांची नळी आणि एका डबीत वीस माद्या. हातवाल्यांना यंत्रावर बसून अर्धा तास झाला होता. त्या मोठ्या खोलीत आठ खुर्च्या होत्या, आठही भरलेल्या, प्रत्येकाचा एक हात यंत्राला बांधलेला आणि दुसरा रिकामा. काकू नेहमीप्रमाणे स्टुलावर बसून होत्या.

"आमच्या जुन्या नोंदींत आहे," संचालकबाई आहारवालीला म्हणाल्या, "माणसाने केळं खाल्लं की माद्या जास्त येतात. तुम्ही यांना रोज दोन केळी सुरू करा."

"केळ्यात पोटॅशियम असतं," आहारवाली म्हणाली. "दोन केळ्यांनी यांचं हृदय बंद पडू शकतं."

"हात शाबूत राहील ना?"

आहारवालीने डोळे मिटले, दहा आकडे मोजले असावेत, आणि मग म्हणाली, "बाई, तुम्हाला काय हवंय? यांच्याकडे डास यायला हवेत. मला काय हवंय? यांनी जेवायला हवंय. जेवले, अंगात रक्त आलं, ऊब आली, की तुमचे डास येतील. आपण दोघी एकाच बाजूच्या आहोत. घ्या तुमची चाचणी. आकडा बघून तरी काकांना हुरूप येईल."

हातवाले एवढा वेळ छताकडे बघत होते. "आत्ता नको," ते पुटपुटले. पण त्यांचं कोण ऐकतंय? सुती पिशवी काढली, हात नळीच्या तोंडाशी लावला, दुसऱ्या फाट्याशी तुलनेसाठी आहारवालीने आपला हात ठेवला. माद्या सोडल्या. सगळी खोली मान उंचावून बघत होती.

हातवाल्यांकडे तीन गेल्या. आहारवालीकडे दोन. उरलेल्या पंधरा नळीच्या सुरुवातीलाच काचेला पाय टेकून बसून राहिल्या. संचालकबाईंनी नळीला टिचकी मारली तेव्हा त्या जरा सरकून पुन्हा बसल्या.

"असं कधी बघितलं नाही," संचालकबाई म्हणाल्या, आणि बघण्याच्या नादात त्यांच्या हातून जाळीचं झाकण जरा कललं आणि एक मादी बाहेर निसटली.

आता खोलीत खरी गंमत झाली. वास्तविक आठ बांधलेल्या माणसांत एक उपाशी डास सुटला म्हणजे आरडाओरडा व्हायला हवा होता. पण आत्ताच आहारवालीने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की अंगात रक्त आणि ऊब असेल तिथे डास जातो. प्रत्येकाला आपापलं अल्ब्युमिन आठवलं. पाच नंबरच्या आजोबांनी हळूच बाही दंडापर्यंत सरकवली. दोन नंबरच्या बाईने चादरीतून पाऊल बाहेर काढलं. सात नंबरचा जाडा ट्रकचालक मोठमोठ्याने श्वास सोडायला लागला, कारण हातवाल्यांकडून त्याने ऐकलं होतं की आधी श्वास लागतो.

"ए, फुंकर मारू नकोस," आजोबा म्हणाले. "नियमात बसत नाही."

"आजोबा, मी गेल्या महिन्यात साडेतीन होतो, साडेतीन!"

"मग येईल की तिची ती. बोलावतोस कशाला?"

मादी आजोबांच्या दंडावरून गेली, थांबली नाही. ट्रकचालकाच्या नाकासमोर एक घिरटी घेतली, पुढे गेली. दोन नंबरच्या पावलापाशी रेंगाळली तेव्हा त्या बाईने विजयाने सगळीकडे बघितलं, तेवढ्यात तीही नाकारली गेली. आठही खुर्च्या झाल्या. सिस्टर झाल्या, आहारवाली झाली. खोलीत कुणीच मनास न आल्यासारखी ती शेवटी भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर जाऊन बसली. ट्रकचालकाचा चेहरा असा पडला की सिस्टरनी त्याचा रक्तदाब पुन्हा मोजला.

काकू स्टुलावरून उठल्या आणि घड्याळाखाली जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा वर केला, खाली केला. हातवाल्यांशी संसार करून त्यांनी उपाशी माद्या पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या काडीसारख्या असतात, पाय लांबलचक, पोट पाठीला लागलेलं. ही चांगली थोराड होती. गुबगुबीत. बसली होती तीसुद्धा ऐसपैस. काकूंनी उभं आयुष्य माणसांना जेवायला वाढलं होतं, आणि बाहेर खाऊन येऊन घरी 'भूक नाही' म्हणणाऱ्याचं तोंड त्यांना पाठीमागूनही ओळखता यायचं.

"ही उपाशी नाहीये हो," त्या म्हणाल्या. "ही जेवून आलीये."

"शक्य नाही," संचालकबाई म्हणाल्या. "यांना जन्मल्यापासून रक्ताचा थेंब दिलेला नाही. हां, आता आकाराने मोठ्या निपजतायत हे खरं आहे. गेले तीन महिने मोठ्याच निघतायत, चाळणीतून उतरत नाहीत. अळी असताना पाण्यात भरपूर खायला मिळालं तर अशा होतात. अंगात साठा असला की रक्ताची घाई राहत नाही. पण अळ्यांना आम्ही मापाने खमिराची पूड देतो, त्यात काही..."

त्या पुढेही बोलत होत्या. काकूंना ऐकू आलं ते 'गेले तीन महिने' एवढंच. त्यांनी वळून नवऱ्याकडे बघितलं. हातवाले डोळे घट्ट मिटून झोपल्याचं सोंग करत होते, आणि ते सोंग त्यांना कधीच जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस नव्हतं. सकाळी काकूंनी चार अंडी उकडली, सोलली, पांढरं डब्यात भरलं, डबा नवऱ्याच्या हातात दिला आणि "सावकाश जेवा" म्हणाल्या. मग आणखी चार उकडली, ती दुसऱ्या डब्यात भरली, फॉस्फरसच्या गोळ्या कमरेला खोचल्या आणि दोन बस बदलून जेवणाच्या सुट्टीच्या वेळेला संस्थेत जाऊन पोचल्या. पहारेकऱ्याने कुणाला भेटायचंय म्हणून विचारलं. "हाताला," काकू म्हणाल्या. त्याने लगेच सोडलं.

अळ्या वाढवायची खोली मागच्या बाजूला होती. आत दमट, गरम, डबक्यासारखा वास. फळ्यांवर पांढरे पसरट ट्रे ओळीने मांडलेले, त्यांत पाणी, आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी हातवाले पाठमोरे बसले होते. उजवा हात पिशवीत. समोर डबा उघडा. डाव्या हाताने ते कालचं, वाळवलेलं पांढरं खलात कुटत होते, अगदी मन लावून, आणि आजचं ताजं बारीक चिरून शेगडीवरच्या पत्र्यावर वाळायला पसरलेलं होतं. कुटून झाल्यावर ते उठले आणि चिमूट चिमूट पूड ट्रेमध्ये भुरभुरायला लागले. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागावर झुंबड करून आल्या. हातवाले त्यांना म्हणाले, "सावकाश, सावकाश. सगळ्यांना मिळेल."

काकूंना वाटलं होतं आपण आरडाओरडा करू. वाटेत दोन्ही बसमध्ये त्यांनी काय काय बोलायचं ते घोकलं होतं. पण झालं भलतंच. त्यांना पहिल्यांदा आठवलं ते आपण शेजारणीला दाखवलेले रिकामे डबे.

"तीन महिने," त्या म्हणाल्या. "तीन महिने मी डासांना जेवू घालतेय?"

हातवाल्यांच्या हातून चिमूट निसटून सगळी एकाच ट्रेत पडली. ते वळले. अंगावरचा शर्ट दांडीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता.

"टाकवेना गं," ते म्हणाले. "तू सोलून दिलेलं. कचऱ्यात टाकायला हात होईना."

"मग खायचं होतं!"

"खाल्लं असतं तर आकडा वर गेला असता."

काकूंना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि त्या जवळच्या स्टुलावर मटकन बसल्या. हे भूक नसल्यामुळे नव्हतंच. पत्र्याच्या चवीमुळेही नव्हतं. हा माणूस रोज मोजूनमापून, ठरवून, साडेतीनच्या खाली राहत होता.

"का?" त्यांनी विचारलं. "माझी किडनी नको होती तर तोंडाने सांगायचं होतं."

"तुला सांगून तू ऐकली असतीस?"

"नाही."

"म्हणून." हातवाले ट्रेकडे बघत राहिले. "सव्वीस वर्षं हात पुढे करून बसलोय मी, संस्थेत जाळीआड आणि घरी उघडा. मला पक्कं ठाऊक आहे ते कसं असतं. ती वास काढत येते, बसते, पिते, उडून जाते. तिचं पोट भरलेलं असतं. खाज मागे राहते ती दुसऱ्याला. मी देणाऱ्या बाजूला होतो तोवर मला त्याचं काही वाटलं नाही, मजा वाटायची उलट. पण त्या बाजूला जायचं..." त्यांनी नळीच्या दुसऱ्या टोकाकडे दाखवावं तसा डावा हात हवेत हलवला. "तुझ्या अंगातलं काढून मी जगायचं आणि तू कुशीवर टाके घेऊन माझे डबे भरायचे. मी डास नाही."

बाहेर कुठेतरी दार आपटलं. ट्रेमध्ये अळ्या अजून त्या एका मोठ्या चिमटीवर तुटून पडल्या होत्या.

आता मात्र काकूंना राग आला, आणि आला तो अख्खा आला. त्या उठल्या.

"मला शिकवू नका डास! माझं निम्मं आयुष्य डासांच्या गोष्टी ऐकण्यात गेलंय. श्वास हुंगत येतो, वास हुंगत येतो, ऊब शोधत येतो. डास शोधत येतो, माणूस पळतो. बरोबर? मग मला सांगा, कुठलं सावज हातात डबा घेऊन, दोन बस बदलून, गोळ्या कमरेला खोचून किड्याच्या मागे मागे येतं? कुठल्या किड्याला म्हणतं, बाबा रे, घे, पी एकदाचा? आहे तुमच्या नोंदीत असं काही? विचारा तुमच्या संचालकबाईंना! मी तुम्हाला शोधत आलेय. श्वास नाही तुमच्यात, वास तर त्या औषधांचा, अंग बर्फासारखं गार. तरी आलेय. आणि माझी ती किडनी एका जागी बसून राहिलीय तीन महिने, कपाटाखाली बॅग भरून! तुम्ही मेलात तर तिचं मी काय करू? लोणचं घालू?"

हातवाले तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. त्यांना सव्वीस वर्षांच्या नोंदींत असं एकही उदाहरण आठवेना हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते खरंच आठवून बघत होते, ओळीने, वर्षावार. तेवढा प्रामाणिक माणूस होता तो.

"नाही," शेवटी ते म्हणाले. "अशी नोंद नाही."

"मग बसा."

ते बसले. काकूंनी पदराने डोळे पुसले, दुसरा डबा उघडून टेबलावर ठेवला, खल उचलून बाजूला केला आणि एक गोळी डब्याच्या झाकणात काढून ठेवली. हातवाल्यांनी अंड्याचा एक अर्धा तुकडा उचलला. तो बराच वेळ बोटांत धरून बघितला. मग तोंडात घातला आणि चावायला लागले. त्यांचे गाल इतके आत गेले होते की काकूंना बाहेरून तुकडा इकडून तिकडे जाताना दिसत होता. गिळताना त्यांनी डोळे मिटले. दुसरा अर्धा घेतला. मग गोळी चावली. मग तिसरा.

काकू समोर उभ्या राहून प्रत्येक घास खाली उतरताना बघत होत्या. पाचव्या तुकड्याला हातवाल्यांनी चावता चावता मध्येच थांबून भुवया वर केल्या.

"किती अळणी आहे हे," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "जरा मीठ तरी घालायचंस."

"मीठ मिळणार नाही," काकू म्हणाल्या. "तहान लागते तुम्हाला मिठाने." एवढं त्या धडपणे बोलल्या. मग त्यांना इतकं रडू फुटलं, की ट्रेच्या फळीला धरून उभं राहावं लागलं.